उसवायचे पैसे

छावणीच्या गेटापासून तिसरं दुकान.
आतल्या भिंतीवर एक तक्ता आहे,
दादांनी आखलेला, खळीनं चिकटवलेला.
कसरीनं हवालदाराचा 'ह' खाल्लाय,
बाकी हिशोब शाबूत.
वेतन आयोग आला की मी आकड्यांवर
पांढरी पट्टी चिकटवते, नवे लिहिते.
नावं दादांच्याच अक्षरात राहू दिलीत.

तीन उभे रकाने : जमीन, पाणी, आभाळ.
नाईक, लीडिंग सीमन, कॉर्पोरल
एका आडव्या ओळीत. लेव्हल चार.
पंचवीस हजार पाचशेपासून पुढं.
त्यांच्यावर हवालदार, पेटी ऑफिसर, सार्जंट. पाच.
"नावावर जाऊ नको पोरी," दादा म्हणायचे,
"ओळ बघ. ओळ चुकली की बाही चुकली."

लान्सनाईकाचं मात्र गौडबंगाल.
बाहीवर फीत चढते,
लेव्हल तीनची तीनच.
"मग ही कशाची?" आठवीत असताना विचारलं होतं.
दादा दातानं दोरा तोडत म्हणाले,
"चार जणांचं ऐकून घ्यायची."

नागेश बोईनवाड, किनवटकडचा.
ती ऐकून घ्यायची फीत त्यानं माझ्याकडंच लावली.
दुसरीच्या वेळी मोबाइल पुढं केला :
एका बाकावरचे तिघं.
विनायक कुंटूरकर निळ्यात, दोन फिती.
शेख मौला पांढऱ्यात, बाहीवर नांगर.
"आमची माय म्हनती, मौला एवढा दर्यावर गेला
अन् तिथंबी नांगरच का धरला?"
आम्ही दोघं हसलो. सुई हातात, शर्ट मांडीवर.
"तिघं सारखेच हाव ना ओ ताई?"
मी तक्त्यावर बोट ठेवलं,
डावीकडून उजवीकडं नेलं.
"सारखेच."
त्यानं तक्त्याचाही फोटो काढला.
मायला दाखवायचा होता.

परवा शटर अर्धं ओढलेलं, तेव्हा आला.
कॅरीबॅगमध्ये शर्ट.
"काढायच्या हाईत."
"एक?"
"दोन्ही."

बावीस दिवस उशिरा हजर झाला होता.
नांदेडच्या सरकारी दवाखान्यात, मायच्या खाटेखाली
चटई टाकून राहिला बावीस दिवस.
कळवलं होतं का, मी विचारलं नाही.
माय कशी आहे तेही नाही.
खरं तर तेच विचारायला हवं होतं.

शिवण माझीच.
पक्की घालायची खोड दादांची, ती माझ्या बोटांत उतरलेली.
ब्लेडच्या टोकानं एकेक टाका तोडत गेले,
दोऱ्याचे तुकडे फुंकरीनं उडवत गेले,
आणि फिती सुटल्या तेव्हा
खाली मूळचा हिरवा निघाला.
कोरा, गडद, फितींएवढाच,
एकाखाली एक दोन टोकं.
भोवतीची बाही उन्हानं विटून गेलेली.

त्यानं अंगठ्यानं घासून पाहिलं.
"जाईल का हे?"
"धुऊन नाही जायचं."
"मग?"
"उन्हानं. दोन-तीन उन्हाळे. मग बाहीसारखं होईल."
"दोन-तीन," तो म्हणाला. मनात काहीतरी मोजलं.

पाकीट काढलं त्यानं.
बाहेरच्या पाटीवर आहे : फीत लावणे, वीस रुपये.
नेमप्लेट, काज-बटन, पँट आल्टर, सगळ्याचा दर आहे.
उसवायचा दादांनी लिहिलेलाच नाही.
"ऱ्हाऊ दे," मी म्हणाले.
"फुकट नको, ताई."
त्यानं वीसची नोट मशीनच्या पायट्यावर ठेवली
आणि तक्त्यासमोर उभा राहिला.
तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं, आडवं नेलं,
शिपाई, सीमन, लीडिंग एअरक्राफ्ट्समन,
आणि शेवटच्या रकान्यापाशी बोट तसंच थांबलं.
पुढं भिंतीचा चुना होता.

दोन्ही फिती न्यायच्या तो विसरला.
की मीच दिल्या नाहीत.
काडेपेटीत आहेत, बटनांच्या डब्याखाली,
त्या वीसच्या घडीत.